मधल्या सात फ्रेम कुणी पाहिल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या भागातल्या एका यात्रेच्या कुस्ती मैदानाची बातमी आली. सोबत एक छायाचित्र होतं. खाली पडलेल्या पैलवानाच्या खांद्याभोवती लाल गोल काढलेला, आणि पाठ टेकली, म्हणजे कुस्ती हरली, तरी पंच गप्प का राहिले, असा वर मथळा. छायाचित्राखाली ‘व्हायरल व्हिडिओतून’ एवढंच लिहिलं होतं. तो व्हिडिओ मूळचा माझा आहे. त्या दिवशी मैदानाचं शूटिंग मी केलं, कॅमेऱ्यामागे मीच उभा होतो, आणि आपण छापलेलं ते चित्र माझ्या कॅमेऱ्यानं घेतलेलंच नाही. मूळ कार्ड माझ्या कपाटात आहे. त्यातली ती कुस्ती मी एकेक फ्रेम पुढे सरकवत कितीतरी वेळा पाहिली आणि मगच हे पत्र लिहायला बसलो.

मी कराड तालुक्यात राहतो. १९९६ पासून लग्नाचं आणि मैदानांचं शूटिंग करतो. हेल्सिंकीला १९५२ साली भारताला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव आमच्याच तालुक्यातल्या गोळेश्वरचे. त्यामुळे कुस्तीचा निकाल हा आमच्याकडे चार दिवसांच्या गप्पांचा विषय नसतो. पंचावर एकदा डाग बसला की पुढच्या यात्रेला कमिटी आमंत्रणाचा नारळ घेऊन त्याच्या दारी येत नाही. हे त्या पंचांच्या बाबतीत घडायला सुरुवात झाली आहे, म्हणून मला गप्प बसवत नाही.

काय झालं ते सांगतो. मैदान दुपारी तीनला सुरू झालं. लहान पोरांच्या कुस्त्या संपून दोन नंबरची जोड लागली तेव्हा सूर्य पार खाली गेला होता आणि कमिटीनं फ्लडलाइट लावले होते. मी मंडपाच्या पायऱ्यांवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर कॅमेरा लावलेला. तोच कॅमेरा मैदानातल्या मोठ्या स्क्रीनला आणि लाइव्हला जोडलेला होता, म्हणून सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे २५ चित्रांचं सेटिंग, आणि शटर १/५०, म्हणजे एकेका चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड. त्या उजेडात त्याच्यावर जायला जागा नव्हती. सलामी झडली, दहा-बारा मिनिटं खडाखडी चालली, हलगीवाला घामानं निथळला तरी थांबत नव्हता. मग बाहेरच्या पैलवानानं ढाक हा डाव मारला. आमच्याकडचा उचलला गेला, हवेतून खाली आला, आणि पडता पडता त्यानं कूस बदलली. पंच मातीवर पालथे झोपून बघत होते. त्यांनी हात हलवून ‘चालू’ची खूण केली. कुस्ती पुढे चालली आणि चार मिनिटांनी आमच्याकडच्यानंच घिस्सा डाव मारून निकाल केला.

आता ढाकेच्या त्या क्षणाला माझ्या मूळ फाइलमध्ये काय आहे? एका फ्रेममध्ये पैलवान तिरका आहे. डावा खांदा मातीजवळ, उजवा खांदा वर, मातीपासून वीतभर तरी. त्याच्या मानेखाली समोरच्याचा हात अडकलेला. खांद्याची कड पुसट आहे, कारण अंग वेगानं खाली येत होतं आणि शटर १/५० होतं. पुढच्या फ्रेममध्ये तो कुशीवर आहे, पाठ माझ्याकडे, पाठीवर माती चिकटलेली. बस. या दोन फ्रेमच्या मध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग गेला आहे. तेवढ्या वेळात उजवा खांदा मातीला लागून परत वर आला का, की न लागताच वळला, हे माझा कॅमेरा सांगू शकत नाही. पाठीवरची माती काही सिद्ध करत नाही, कारण ती आधीच्या दहा मिनिटांतली असणार. मी पंचांच्या बाजूनं साक्ष देतोय असं कुणी समजू नये. मी फक्त म्हणतोय की माझ्या कॅमेऱ्यानं ते पाहिलेलं नाही.

मग खांदा टेकलेलं चित्र आलं कुठून?

कमिटीनं मागितलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सगळ्या कुस्त्या पेनड्राइव्हवर दिल्या. गावातल्या एका मुलानं ढाकेचा तुकडा फोनवर घेतला, एडिटिंगच्या अॅपमध्ये आठपट हळू केला आणि ‘स्मूथ’ असं लिहिलेलं बटण दाबलं. मुलगा वाईट नाही. त्यानं माझ्यासमोर बसून सगळं करून दाखवलं, आपली फाइलही दिली. त्याची समजूत अशी की बटण दाबल्यावर फोन व्हिडिओतला लपलेला भाग बाहेर काढतो. ही समजूत त्याची एकट्याची नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची आहे, आणि आपल्या वार्ताहरांचीही असावी.

हिशेब साधा आहे. माझ्या एका सेकंदात २५ चित्रं आहेत. ती आठ सेकंदांवर ताणली की २०० चित्रं लागतात. २५ आहेत, १७५ नाहीत. पूर्वी अशा वेळी तेच चित्र आठ-आठ वेळा दाखवलं जायचं आणि व्हिडिओ अडकत-अडकत चालायचा. पाहणाऱ्यालाही कळायचं की इथं मधलं काही नाही. दुसरा उपाय म्हणजे दोन चित्रं एकमेकांत मिसळायची. त्यात अंगाला भुतासारखी सावली दिसते. आता तिसरी पद्धत आली आहे, तिला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. सॉफ्टवेअर पहिल्या चित्रातला एकेक ठिपका दुसऱ्या चित्रात कुठं गेला ते शोधतं आणि मधल्या वाटेवर तो कुठं असावा याचा अंदाज बांधून नवीन चित्र रंगवतं. ते इतकं गुळगुळीत येतं की शंकाच येत नाही. माझ्या प्रत्येक दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये त्या अॅपनं सात फ्रेम स्वतः रंगवल्या. आपण छापलेलं चित्र त्या सातांपैकी पाचवं आहे. मी त्या मुलाची फाइल आणि माझी फाइल शेजारी लावून मोजलं.

आणि कुस्तीच्या मातीवर हे सॉफ्टवेअर हमखास फसतं, हे मला इथं आवर्जून सांगायचं आहे. नवरी हिरव्या लॉनवर लाल शालूत चालत असेल, तर शालू कुठं संपतो आणि गवत कुठं सुरू होतं हे त्याला कळतं. मैदानात काय असतं? तांबडी माती, आणि त्याच तांबड्या मातीनं अंगभर माखलेला पैलवान. खांद्याचा रंग तोच आणि खालच्या मातीचा रंग तोच. वर शटर सावकाश असल्यामुळे खांद्याची कड आधीच मातीत पुसट झालेली. सॉफ्टवेअरला खांदा आणि जमीन वेगळी काढताच येत नाही. ते दोन्ही एकमेकांत विरघळवतं, आणि बघणाऱ्याला वाटतं खांदा टेकला. आपण छापलेल्या चित्रातच बघा, त्या पैलवानाच्या मानेखालचा समोरच्याचा हात कोपरापासून पुढे दिसतच नाही. माझ्या आधीच्या फ्रेममध्ये तो हात आहे, नंतरच्या फ्रेममध्येही आहे. मधे तो कुठं गेला? एक माणूस दुसऱ्याच्या अंगाखाली गेला, हात झाकला गेला, परत बाहेर आला, हे त्या गणिताला झेपत नाही. कुस्ती म्हणजे तर दुसरं काय असतं?

एवढ्यावर मी थांबलो नाही. शेजारच्या गावची तालीम चालवणाऱ्यांना विचारलं. त्यांनी दोन पोरं दिली. एका सकाळी त्यांच्याकडून तीच ढाक सहा वेळा मारून घेतली. मातीच्या काठाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, फोन स्टँडला लावला आणि २४० फ्रेमवर ठेवला. त्याच्या शेजारीच माझा कॅमेरा २५ फ्रेमवर, मैदानात होता त्याच सेटिंगला. नंतर २५ वाला व्हिडिओ त्याच अॅपमधून तसाच आठपट हळू करून घेतला आणि दोन्ही शेजारी लावले. सहापैकी दोन वेळा अॅपनं खांदा मातीत रुतलेला दाखवला. त्याच दोन वेळांना २४० वाल्या खऱ्या व्हिडिओत काय दिसत होतं? खांद्याच्या आणि मातीच्या मध्ये समोरच्या पोराचं मनगट. मनगटावर बांधलेला काळा दोरासुद्धा दिसत होता. खांदा त्या मनगटावर आदळतो, कातडी थरथरते, मातीचे चार कण उडतात आणि अंग वळतं. दोन्ही पोरं माझ्या मागं उभी राहून बघत होती. ज्याचं मनगट होतं तो म्हणाला, ‘काका, लागलंच होतं की मला तिथं, बघा अजून दुखतंय.’ मनगट दुखलं ते त्याला ठाऊक होतं, अॅपला नव्हतं.

यातला फरक वाचकांनी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. खरं स्लो मोशन शूटिंगच्या वेळीच होतं. नंतर करू म्हटलं तर होत नाही. सेकंदाला १०० चित्रं घेतली आणि ती २५ च्या गतीनं दाखवली, तर चौपट हळू दिसतं आणि त्यातलं प्रत्येक चित्र खरं असतं. २४० घेतली तर साडेनऊपट. हे आजचं शास्त्र नाही. १८७८ साली अमेरिकेत म्युब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं धावणाऱ्या घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीनं लावले. घोडा दौडताना चारही पाय एका वेळी उचलतो की नाही, यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालला होता. घोडा एकेका दोऱ्याला धडकत गेला, एकेक कॅमेरा उघडत गेला, आणि एका चित्रात चारही पाय हवेत सापडले. ते सगळ्यांना मानावं लागलं, कारण ती बाराही चित्रं घोड्यासमोर घेतलेली होती. सहा घेऊन मधली सहा कुणी चित्रकारानं अंदाजानं काढली असती, तर वाद जिथल्या तिथं राहिला असता.

मी स्वतः हे शिकलो ते अक्षतांवर. पूर्वी आमच्याकडे टेपवाले मोठे कॅमेरे असायचे, पॅनासॉनिकचा एमडी १०००० म्हणजे तेव्हा शान होती. त्यात एकेक फ्रेम एकामागून एक घेतलेल्या दोन अर्ध्या भागांची असायची, एका भागात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम. स्लो केलं की नवरीच्या हातावर कंगव्यासारखे दाते उठायचे. गिऱ्हाईक विचारायचं, बांगड्यांना काय झालं? पुढे नवे कॅमेरे आले, तरी मी मंगलाष्टकं २५ लाच घ्यायचो आणि ‘सावधान’ झालं की तो तुकडा संगणकावर हळू करायचो. तांदळाचे दाणे रेघा व्हायचे. पाऊस पडावा तशा पांढऱ्या रेघा, आणि त्या अडकत-अडकत खाली यायच्या. मग एका लग्नात फक्त शेवटच्या मंगलाष्टकापुरतं १०० फ्रेम आणि १/२०० शटर लावून पाहिलं. संध्याकाळी घरी ते लावलं आणि बायकोला हाक मारली. एकेक दाणा वेगळा. हळदीनं पिवळा झालेला दाणा नवरीच्या मुंडावळीवर पडतो, मोत्याला आपटून उलटा उडतो आणि नवऱ्याच्या बाहीवर जाऊन बसतो. नवरी डोळे मिटते, तेही पापणी कशी खाली येते तसं दिसतं. तो व्हिडिओ त्या घरात अजून लावतात.

आमच्या व्यवसायातल्या तरुण मुलांसाठी दोन-चार गोष्टी इथंच सांगून टाकतो, कारण शिकवणारं कुणी नाही आणि चुका तिथंच होतात.

पुष्कळ जण सांगतात, ‘आम्ही ६० ला घेतलं होतं, निम्मं स्लो केलं, तरी झटके येतात.’ येणारच. टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगची पट्टी, २५ ची असेल आणि ६० चं निम्मं केलं, तर सेकंदाला ३० चित्रं शिल्लक राहतात. टाइमलाइनमध्ये जागा २५ चीच. म्हणजे दर सहावं चित्र गाळलं जातं, आणि डोळ्याला तिथं ठेच लागते. वेगाच्या आकड्यात पन्नास टक्के लिहिण्यापेक्षा सॉफ्टवेअरला सरळ सांगावं की ही क्लिप २५ ची समज. मग एकही चित्र गळत नाही, एकही दोनदा दाखवावं लागत नाही. वेग ४१ टक्क्यांच्या आसपास येतो आणि पाण्यासारखं वाहतं. आपल्याकडं त्यापेक्षा बरं म्हणजे ५० किंवा १०० लाच घ्यावं.

५० आणि १०० यालाही कारण आहे. आपली वीज ५० सायकलची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. १०० फ्रेम घेतल्या तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला दिव्याचा एकेक झोका येतो आणि उजेड सारखा राहतो. १२० किंवा २४० ला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला वेगळा तुकडा येतो, मग कार्यालयातला सगळा हॉल स्लो मोशनमध्ये मिचकायला लागतो. आणि यात्रेत जनरेटर असला तर ५० चा काटाही जागेवर राहत नाही. म्हणून मैदानाला २४० लावायचं असेल तर सूर्य असतानाच लावावं. जुन्या हॅलोजनचा त्रास कमी होता, त्याची तार तापलेली राहते.

आणि उजेड. १/५० चं शटर १/२०० केलं की उजेड चौथाई होतो. २४० फ्रेमला १/४८० केलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तिन्हीसांजेला मैदानात हे परवडत नाही. म्हणूनच मी त्या दिवशी २५ वर होतो. मला पश्चात्ताप त्याचा नाही. पश्चात्ताप याचा आहे की तो तुकडा हातात देताना मी त्या मुलाला दोन शब्द बोललो नाही.

फोनचंही एक लक्षात ठेवावं. पुष्कळ फोन नेहमीच्या व्हिडिओत ठरल्या आकड्यावर टिकत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेम गुपचूप कमी करतात, परत वाढवतात. काही फोनच्या खोक्यावर सेकंदाला ९६० फ्रेम लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त फ्रेम फोननंच आत रंगवलेल्या असतात. आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, मूळ फाइल राहत नाही. मूळ द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर कार्ड हातात द्यावं.

आता मी पंचांकडे वळतो. बातमी आली त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अडुसष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या केलेल्या, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या आखाड्यात ज्यानं शड्डू ठोकला त्याला आमच्याकडे वेगळा मान असतो. ओसरीवर बसले होते. आपलं दैनिक घडी घालून उशाला ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘वस्ताद, तुम्हाला काय दिसलं होतं?’ त्यांनी उत्तर दिलं नाही. उठले, ओसरीवर पालथे झोपले, गाल फरशीला लावला आणि उजवा तळहात फरशीवर सपाट ठेवला. मग म्हणाले, ‘मी असा होतो. माझा हात त्याच्या खांद्याखाली जात होता. बोटं मोकळी होती.’ एवढंच. त्या वयात ते फरशीवरून उठताना मला त्यांना हात द्यावा लागला.

माझा कॅमेरा तिथून चाळीस फुटांवर, वर, मागच्या बाजूला होता. त्यांचा गाल मातीला होता. त्यांच्या बोटांना जे लागलं ते खरं की खोटं, मी ठरवू शकत नाही. पण त्यांच्या बोटांच्या विरोधात आपण जे चित्र उभं केलं, ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

कुणी म्हणेल, मग व्हिडिओ पाहून निकाल देऊच नये का? जरूर द्यावा, मी त्याच्याच बाजूचा आहे. मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक स्पंज टाकून आक्षेप घेतो, पंच व्हिडिओ पाहतात, आक्षेप फेटाळला गेला तर समोरच्याला एक गुण मिळतो. तिथं कॅमेरा ठरलेल्या जागी असतो, मूळ चित्रीकरण पाहिलं जातं. आमच्या यात्रांमध्येही हे करता येईल. त्याला लाखांचा खर्च लागत नाही. मैदानाच्या दोन समोरासमोरच्या कडांना, मातीच्या पातळीवर, दोन कॅमेरे किंवा चांगले फोन पक्क्या स्टँडवर लावावेत. मोठ्या जोडी उजेड असताना लावाव्यात. १०० फ्रेम, शटर जमेल तेवढं जलद. दोन्ही फाइल कुस्ती संपताच कमिटीच्या ताब्यात. स्क्रीनसाठीचा कॅमेरा वेगळा, त्याच्यावर निकाल नाही. एका बाजूनं पाहून चालणार नाही, कारण खांद्याच्या पलीकडं काय आहे ते एका कॅमेऱ्याला कधीच दिसत नाही. इनामाच्या रकमा लाखांच्या झाल्या आहेत, त्यातून एवढं निघायला काही हरकत नाही. पुढच्या मोसमात जी कमिटी हे करायला तयार असेल तिथं मी माझा एक कॅमेरा विनामोबदला लावीन. हे मी वस्तादांनाही सांगून आलो.

आपल्याकडून मला दोन गोष्टींची अपेक्षा आहे. एक, त्या छायाचित्राबद्दल खुलासा छापावा, जिथं ते छापलं त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे. दुसरी, यापुढं कुठल्याही हळू केलेल्या व्हिडिओतून चित्र उचलण्याआधी आपल्या वार्ताहरांनी पाठवणाऱ्याला विचारावं की मूळ फाइल कुठं आहे आणि ती सेकंदाला किती फ्रेमची आहे. उत्तर आलं नाही तर चित्र छापू नये. प्रश्न कुस्तीपुरता राहणार नाही. चौकातला अपघात असेल, मोर्चातली धक्काबुक्की असेल, तिथंही कुणीतरी ‘स्मूथ’चं बटण दाबणार आहे. कुणाचा पाय ब्रेकवर होता आणि कुणाचा हात आधी उठला, हे त्या मधल्या रंगवलेल्या चित्रांवरून ठरवलं जाईल, आणि तिथं गालाला माती लावून बघणारा पंचही नसेल.

त्या मुलानं आपला व्हिडिओ काढून टाकला आहे. त्याला मी दोन्ही फाइल शेजारी लावून दाखवल्या, मनगटाचा दोरा दाखवला. तो बराच वेळ मागं-पुढं करत बघत राहिला. मग वस्तादांकडे जाऊन पाया पडून आला. व्हिडिओ मात्र आता त्याच्या हातात राहिलेला नाही, किती जणांच्या फोनमध्ये गेला असेल कोण जाणे. आपलं दैनिक मात्र आमच्या भागात चहाच्या टपरीपासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे वाचतात, म्हणून आपल्याकडे लिहिलं.

मूळ कार्ड, त्या मुलाची फाइल आणि तालमीतले सहाही व्हिडिओ घेऊन मी आपल्या कार्यालयात यायला तयार आहे. लॅपटॉप माझा आणीन. अर्धा तास पुरेल. रविवार सोडून कधीही कळवा, रविवारी लग्नं असतात.

माझं नाव, गाव आणि फोन नंबर सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. छापताना नाव वगळावं ही विनंती. माझ्या नावावरून मैदानाचं गाव कळेल, आणि गावावरून वस्तादांचं.

आपला,
एक व्हिडिओ छायाचित्रकार
ता. कराड, जि. सातारा